नुसतं थांबण्याचं शिक्षण

वसूआत्या,

तुला जाऊन पुरते दोन आठवडेही झाले नाहीत आणि तुझ्यावरून घरात एक दणदणीत भांडण होऊनही गेलं. तू असतीस तर खुर्ची पुढे ओढून बसली असतीस. एका बाजूला मी, दुसऱ्या बाजूला आई आणि मधे तुझं सुतक. ते सांगतेच, पण आधी मागचं सांगू दे. नाहीतर तू म्हणशील, "मंजू, पेशंटची माहिती पहिल्यापासून द्यायची असते, मधूनच सुरू करायची नसते."

भेटायला येणारे लोक तुझ्याबद्दल इतकं चांगलं बोलतायत, की ते नक्की कोणाबद्दल बोलतायत असा मला प्रश्न पडतो. परवा एकांनी "मृदू स्वभाव" असे शब्द वापरले. मी चहाचा कप खाली ठेवला. कर्वेनगरातली कितीतरी मुलं तुझ्या हातांनी जगात आली हे खरं आहे, पण ती येत असताना त्यांच्या आयांशी तू मृदू बोललीस असं सांगणारी बाई मला अजून भेटायची आहे. एक बाई डोळे पुसत म्हणाली, "मला म्हणाल्या होत्या, नऊ महिने शांतपणे काढलेत ना, मग आजच कसली घाई?" आणि एवढं सांगून तिलाच हसू फुटलं. तुझ्या हाताखालून गेलेल्या बायका तुझी बोलणी अशी वर्षानुवर्षं जपून ठेवतात. मीही त्यांतलीच एक आहे, हे तुला माहीत आहे.

तुझी पदवी, तुझं हॉस्पिटल, तू किती साली निवृत्त झालीस, हे दादाने पेपरात दिलंय. मला तुझ्याशी बोलायचंय ते आपल्या अर्धवट राहिलेल्या वादाबद्दल.

तो सुरू झाला तो दिवस आठवतो ना? माझी सई बंगळुरूला शिकायला गेली होती. मी कंपनीतली नोकरी सोडली होती आणि आता पुढे काय करणार, असं जो तो विचारत होता. मी तुझ्याकडे आले, तू शेंगा सोलत बसली होतीस, आणि मी एका दमात सांगून टाकलं की मी डूलाचं प्रशिक्षण घेणार आहे. शब्द तू ऐकलेला होतास. तरी चष्म्यावरून माझ्याकडे बघत विचारलंस, "ती काय करते?"

"बाळंतिणीजवळ थांबते."

"आणि?"

"थांबते. पाठ चोळते, पाणी देते, श्वासाची आठवण करून देते. कळा सुरू झाल्यापासून बाळ होईपर्यंत सोडून जात नाही."

"तपासते?"

"नाही. तपासायचं नाही, औषधाचं बोलायचं नाही, डॉक्टरच्या कामात पडायचं नाही."

"म्हणजे नुसती थांबते," तू म्हणालीस. "आणि त्याला कोर्स आहे. अगं, रिक्षावालाही थांबतो."

मी हसले. तू हसली नाहीस. पुढच्या दोन-तीन शेंगा सोलून झाल्यावर, खाली बघतच, तू म्हणालीस, "म्हणजे माझ्याविरुद्ध शिकायला निघालीस."

मी "छे, काहीतरीच" असं म्हटलं, पण आपण दोघीही त्या एका दिवसाबद्दल बोलत होतो, आणि दोघींनाही ते कळलं होतं.

सईच्या जन्माच्या वेळचा तो दिवस. तुझ्या लेबर रूममध्ये नातेवाइकांना प्रवेश नाही, हा तुझा नियम गावभर माहीत होता. तरी मला वाटलं होतं की मी तुझी सख्खी भाची, माझ्यासाठी तू आईला तरी आत घेशील. तू आईला बाहेरच्या बाकावर बसवलंस, तुझ्या जावयाला, श्रीकांतला, खाली फार्मसीकडे पिटाळलंस आणि दार लावून घेतलंस. आत मी, तू आणि एक सिस्टर. मी "आत्या" अशी हाक मारली तर तू ओ दिली नाहीस. "ओरडण्यात ताकद घालवू नकोस," एवढं म्हणालीस, तेही माझ्याकडे न बघता. तुझा मास्क, तुझी टोपी आणि मधे दिसणारे दोन परके डोळे. सई झाली, आणि मग माझं रक्त थांबेना. त्यानंतरचं मला तुकड्यातुकड्यांनी आठवतं. तुझा आवाज, तुझ्या हातांचा पोटावरचा दाब, कुणीतरी धावल्याचा आवाज. मी वाचले. डॉक्टर लोक आईला नंतर सांगत होते की दुसऱ्या कुणाच्या हातात असती तर गेली असती.

हे सगळं मला मान्य होतं, आणि तरीही मला त्या खोलीतला एकटेपणा विसरता येत नव्हता. पाच-सात वर्षांनी एकदा धीर करून मी तुला तसं म्हटलंही. तू म्हणालीस, "जिवंत आहेस ना?" मी म्हटलं, "आहे ना, म्हणून तर बोलतेय." तू उठून कुकर लावायला गेलीस. आपल्या घराण्यात वाद असाच मिटतो, कुकरची शिट्टी होते आणि ताटं घेतली जातात.

तर, "माझ्याविरुद्ध" म्हणालीस त्यात थोडं खरं होतं. मला शिकायचं होतं ते तुझ्या लेबर रूममध्ये जे नव्हतं तेच. आणि गंमत बघ, ते शिकायला मला मदत कोणी केली? तूच.

प्रशिक्षणात आम्हाला घरी सराव करायचा असायचा. कळ येणाऱ्या बाईला कमरेच्या हाडांवर दोन्ही तळहातांनी कसं दाबायचं, जुनी मऊ सुती साडी पाठीमागून घालून तिचं पोट हळूहळू कसं हेलकावायचं, कधी बोलायचं आणि कधी गप्प बसायचं. सरावाला बाई लागायची. श्रीकांतवर करून बघितलं, तर त्याला गुदगुल्या होतात. सोसायटीतल्या बायकांना विचारायची लाज वाटत होती. मी हे तुझ्यापाशी सहज बोलले, तर तू म्हणालीस, "ये माझ्याकडे. मी होते बाळंतीण. आयुष्यभर दुसऱ्या बाजूने बघितलंय, आता या बाजूने बघू."

पंचाहत्तरीच्या पुढची, गुडघे दुखणारी, एकटी राहणारी अविवाहित डॉक्टर, आणि जेवणाच्या टेबलावर दोन्ही हात टेकून कळा देतेय! आत्या, मी आयुष्यात इतकी कधी हसले नसेन. कारण तुला कळा देता यायच्याच नाहीत. तू कळ सुरू झाली की कण्हायचीस, अगदी हुबेहूब, शेकडो बायकांची ऐकलेली कण्हणी होती ती, आणि मधेच थांबून म्हणायचीस, "आता पिशवीचं तोंड सात सेंटीमीटर उघडलंय आणि तू अजून पाठच चोळतेयस. सिस्टरला हाक मार!" मी म्हणायची, "आत्या, तू डॉक्टर नाहीयेस, तू बाळंतीण आहेस." "बाळंतीण आहे म्हणून काय अक्कल गहाण ठेवलीय?" साडीचा सराव करायला तुझ्याच कपाटातल्या जुन्या सुती साड्या काढल्या. तू दर वेळी साडी निवडताना वेळ लावायचीस. म्हणायचीस, ही नको, ही सणाची आहे, हिच्यात मी बाळंत होणार नाही.

एकदा तर तू स्वतःच्याच पोटाला हात लावून, डोळे मिटून, बाळाचं डोकं कुठे आहे ते मला सांगायला लागलीस. तेव्हा खालच्या मजल्यावरच्या काकू वाटीभर साखर मागायला आल्या होत्या. त्यांनी दारातूनच तुला टेबलावर वाकलेली आणि मला तुझ्या कमरेला साडी बांधून हलवताना बघितलं, आणि साखर न घेताच परत गेल्या. तू मान वर न करता म्हणालीस, "आता संध्याकाळपर्यंत सगळ्या सोसायटीला कळेल. मुलगा की मुलगी ते ठरवून ठेव."

आणि मग तो बर्फाचा सराव. हा आमच्याकडे सगळ्यांना करावा लागतो. बाईने मुठीत बर्फाचा खडा धरायचा, एक कळ जेवढा वेळ टिकते तेवढा वेळ सोडायचा नाही, आणि डूलाने तिच्याजवळ राहून तिला तो वेळ पार करून द्यायचा. दुखणं खरं असतं, पण कुणाचं काही बिघडत नाही. मी तुला म्हटलं, तुझ्या सांध्यांना हे नको. तू माझ्या हातातून वाटी ओढून घेतलीस.

पहिल्या वेळी तू गाणं म्हटल्यासारखं "आई गं आई गं" केलंस आणि बर्फ सिंकमध्ये टाकलास. दुसऱ्या वेळी काय झालं ते मला आजही नीट सांगता येत नाही. तू दिवाणावर बसली होतीस, दुपारचं ऊन खिडकीतून तुझ्या पायांवर आलं होतं. तू मूठ मिटलीस. मी तुझ्या शेजारी बसले आणि आम्हाला शिकवलेलं बोलायला लागले, "मी इथेच आहे. तुम्ही एकट्या नाही. श्वास हळू सोडा." तुला "तुम्ही" म्हणताना आधी मला हसू यायचं, त्या दिवशी आलं नाही. तू कण्हली नाहीस. दुसऱ्या हाताने तू माझा हात धरलास, आणि वेळ संपला तरी तो सोडला नाहीस. बर्फाचं पाणी तुझ्या साडीवर टपकत होतं.

मग तू म्हणालीस, "सईच्या वेळी मी घाबरले होते."

मी तुझ्याकडे बघितलं. तू खिडकीकडे बघत होतीस.

"एवढी कधीच घाबरले नव्हते. रक्त जायच्या आधीपासून. तू टेबलावर आलीस तेव्हापासूनच. वहिनीला आत घेतलं असतं तर तिला माझ्या तोंडावर कळलं असतं. तुझ्याकडे बघितलं असतं तर तुलाही कळलं असतं. म्हणून नाही बघितलं." मग म्हणालीस, "दार मी तुझ्यासाठी बंद केलं नव्हतं. माझ्यासाठी केलं होतं."

आम्हाला प्रशिक्षणात सांगतात, बाई मनातलं बोलली की लगेच उत्तर द्यायला धावायचं नाही, तिच्या बोलण्याला जागा द्यायची. मी जागा दिली. आत्या, इतकी जागा दिली की आपल्याला परत त्यावर बोलताच आलं नाही. तू हात सोडलास, पदराने तळवा पुसलास आणि म्हणालीस, "चल, चहा टाक. तुझी बाळंतीण गारठली." मी चहा टाकला. त्यानंतर तीन वर्षं आपण रोज बोललो, पण त्या वाक्यांवर नाही. मी उत्तर शोधत होते असंही नाही. मला वाटायचं, वेळ आहे.

तूच मला लेबर रूममध्ये उभं केलंस, हेही सांगायला हवं. कोणत्याही हॉस्पिटलात डूलाचं नाव काढलं की कपाळाला आठ्या पडायच्या. तू फोन उचललास आणि तुझ्या हाताखाली शिकलेल्या मीनल डॉक्टरला लावलास, तिचं हॉस्पिटल विश्रांतवाडीला. मी शेजारीच बसले होते. "मीनल, माझी भाची येईल. नाही, ती काही करणार नाही. काहीच न करण्याचं रीतसर शिक्षण घेतलंय तिने. आडवी आली तर हाकलून दे, मला सांगायचीही गरज नाही." फोन ठेवून मला म्हणालीस, "हे बघ, बाईच्या डोक्याशी उभी राहा, डॉक्टरच्या वाटेत नको. आत गेलीस की आधी सिस्टरशी बोल, डॉक्टरशी नंतर. आणि पोटात काही असल्याशिवाय जाऊ नकोस, चक्कर येऊन पडलीस तर त्यांना दोन पेशंट होतील." मला जे प्रशिक्षणात कळलं नाही ते या चार वाक्यांत कळलं.

पण वाद काही सोडला नाहीस. प्रत्येक बाळंतपणानंतर मी तुला फोन करायची आणि आपलं संभाषण ठरलेलं असायचं.

"सुखरूप?"

"हो."

"तू नसतीस तरी झालीच असती."

"झाली असती."

"मग?"

"मग काही नाही."

"बरं. जेवलीस का?"

थांबण्याने काय होतं ते दाखवता येत नाही. तू रक्त थांबवलंस, ते सगळ्यांनी बघितलं. मी कुणाच्या केसांवरून हात फिरवला, त्याचं काय दाखवणार?

आता प्रतीक्षाकडे येते. तिच्याबद्दल तुला सांगितलं होतं, विश्रांतवाडीला राहते, यवतमाळकडची, नवरा चाकणला कारखान्यात. तिची आई ती लहान असतानाच गेली. सातव्या महिन्यात ती मीनलकडे तपासायला आली तेव्हा इतकी भ्यायलेली होती, की रक्तदाब घ्यायला पट्टा बांधला तरी रडायची. मीनलनेच तिची माझ्याशी गाठ घालून दिली. आमची चांगली मैत्री झाली. प्रत्येक वेळी निघताना ती एकच विचारायची, "ताई, त्या दिवशी तुमी सोडून जानार नाई ना?" आणि मी दर वेळी सांगायची, "नाही जाणार." तुला हे सांगितलं तेव्हा तू म्हणाली होतीस, "असली वचनं देऊ नयेत. आपल्या हातात काय असतं?"

तू दुपारी जेवून आडवी झालीस ती उठलीच नाहीस. कुणाला त्रास नाही, कुणाला फोन नाही. दादाने सगळं केलं. प्रतीक्षाचे दिवस भरत आले होते.

आता ते भांडण. आई म्हणाली, सुतकात कुणाच्या बाळंतपणाला जायचं नाही, लोक काय म्हणतील, आणि उद्या बाळाला काही झालं तर तुझ्या नावावर येईल. मी म्हटलं, मी लग्न झालेली, आत्याचं सुतक मला लागतं तरी का? मग माझं सुतक किती दिवसांचं यावर आईचं आणि गुरुजींचं एकमत होईना. दादा गूगलवर बघायला लागला, तिथे तिसरंच काहीतरी निघालं. मी आईला म्हटलं, आत्या स्वतः असलं काही पाळायची नाही. ती म्हणायची, माझ्याकडे रोज सोयर असतं, मग मी देवाला हात कधी लावायचा? आई म्हणाली, "ती डॉक्टर होती. तिला कोण बोलणार?" आणि मग आई रडायला लागली, मीही लागले, आणि भांडण कुठल्या कुठे गेलं.

पण आईचं म्हणणं एका ठिकाणी खरं होतं. आम्ही पाळतो की नाही हा प्रश्नच नव्हता, प्रतीक्षाच्या घरी पाळत असतील तर? न सांगता जाणं मला जमलं नसतं. मी फोन करून सांगितलं. तिची सासू फोनवर होती. "कोन वारलं?" तिने विचारलं. मी सांगितलं. ती म्हणाली, "बघू मंग, तवाचं तवा." त्या "बघू"चा अर्थ मला कळला. फोन ठेवल्यावर खरं सांगू, मला जरा सुटल्यासारखंही वाटलं. माझ्या अंगात त्राण नव्हतं. पण प्रतीक्षाचा तो प्रश्न कानातून जात नव्हता.

चार दिवसांपूर्वी, सकाळी अकराच्या सुमाराला तिच्या नवऱ्याचा फोन आला. पाणमोट फुटली होती, ते हॉस्पिटलात पोचले होते. "प्रतीक्षा तुमचं नाव घेऊन रडते," तो म्हणाला, "पण आई म्हनते..." मी म्हटलं, मी येते. आत जायचं की नाही ते तुमची आई ठरवेल, तोपर्यंत मी बाहेर बसेन. तू शिकवलंस तसं दोन घास खाल्ले आणि निघाले.

मजल्यावर पोचले तर प्रतीक्षाच्या सासूबाई लेबर रूमबाहेरच्या बाकावर बसल्या होत्या. मी लांब उभी राहिले. आतून प्रतीक्षाचा आवाज येत होता. तुझ्या त्या बाकावर आई बसली होती तेव्हा तिला माझा आवाज असाच ऐकू आला असेल, हे माझ्या कधी डोक्यातच आलं नव्हतं.

"या," सासूबाई म्हणाल्या. "बसा."

"नको, मी इथेच ठीक आहे."

"पोरगी सकाळधरनं तुमालेच हाक मारून राह्यली. अन् मी इथं बसून तुमाले कसं आत पाठवू, याचाच विचार करून राह्यली." त्यांनी पदराने तोंड पुसलं. "मले काई कळत नाई, बाई. पहिलं नातवंड हाय. उद्या काई झालं तर लोक मले म्हनतीन, सुतकातल्या बाईले आत धाडलं."

मी म्हटलं, "तुम्ही नाही म्हणालात तरी मला वाईट वाटणार नाही. मी इथे थांबेन."

आतून परत आवाज आला, या वेळी "ताई" असा. सासूबाईंनी माझ्याकडे बघितलं.

"कोन होत्या त्या तुमच्या? आत्या म्हनाले ना?"

"हो. वडिलांची बहीण. डॉक्टर होत्या. बाळंतपणं करायच्या. माझंही त्यांनीच केलं."

"लई केले?"

"आयुष्यभर तेच केलं."

सासूबाई उठल्या. पायांत चपला घालता घालता थांबल्या, जरा विचार केला, आणि म्हणाल्या, "मंग त्या बाईचं सुतक लेकराले कसं लागन? जिनं एवढे लेकरं हाती घेतले, ते आमच्या लेकराले काऊन वाईट करन?" आणि त्यांनी स्वतःच लेबर रूमच्या दारावर थाप मारली. "सिस्टर, या बाईले आत घ्या."

आत्या, ते दार तुझ्यामुळे उघडलं. लोक तुला काय काय म्हणतायत, पण तुझ्याबद्दल इतकं खरं कुणी बोललं नाही, आणि ते बोलली ती तुला कधी न भेटलेली बाई.

आत गेले. आधी सिस्टरशी बोलले. प्रतीक्षाच्या डोक्याशी उभी राहिले. तिने माझा हात धरला आणि म्हणाली, "मले वाटलं, तुमी येनार नाई." पुढचे काही तास मी तेच केलं ज्यावर तू हसायचीस. पाणी दिलं, कंबर दाबली, कपाळावरचा घाम पुसला. कळा जोरात यायला लागल्यावर ती म्हणाली, मला नाही जमणार, मला घरी जायचंय. सगळ्याच म्हणतात. मी तिला सांगायला लागले, "मी इथेच आहे, तू एकटी नाहीस," आणि ते शब्द बोलतानाच मला तू आठवलीस, दिवाणावर बर्फ मुठीत घेऊन बसलेली, आणि माझे डोळे भरून आले. आवरेनात. मला वाटलं, हे चुकतंय. डूलाने रडायचं नसतं, तिचा चेहरा शांत हवा, बाई त्या चेहऱ्याकडे बघून धीर धरते. मी मान वळवली.

प्रतीक्षाने माझं मनगट ओढलं. "ताई, इकडं बघा ना."

मी बघितलं. माझं तोंड ओलं, नाक लाल, काही लपण्यासारखं नव्हतं. तिने माझ्याकडे नीट बघितलं. म्हणाली, "तुमाले पन भेव वाटून राह्यलं?"

मी म्हटलं, "हो गं. थोडं वाटतंय. आणि माझ्या आत्याची आठवण येतेय."

"मले माह्या आईची येऊन राह्यली," ती म्हणाली. आणि पुढची कळ आली तेव्हा तिने डोळे मिटले नाहीत. माझ्याकडे बघत राहिली, मी तिच्याकडे बघत राहिले, आणि कळ निघून गेली. त्यानंतर ती एकदाही घरी जायचंय म्हणाली नाही. संध्याकाळी मुलगी झाली. मीनल हातमोजे काढताना म्हणाली, "मॅडम असत्या तर म्हणाल्या असत्या, दोघी मिळून रडत होता, मग काम कोण करत होतं?" आम्ही हसलो आणि मीनलही रडली. तुझी मीनल, जी कधी पेशंटसमोर रडत नाही.

बाहेर येऊन मी फोन काढला, आणि तुझं नाव शोधायला लागले. मग तिथेच जिन्यात बसले.

तुझ्या त्या दुपारच्या बोलण्याला मी उत्तर दिलं नव्हतं. आता देते, कारण आता मला ते कळलंय, आणि कळायला मला प्रतीक्षाचं बाळंतपण लागलं. तुला वाटलं, तुझ्या तोंडावरची भीती दिसली तर माझा धीर सुटेल. तसं नसतं, आत्या. मला ती दिसली असती तर कळलं असतं की या खोलीत माझ्यासाठी घाबरणारं कुणीतरी आहे. मी परक्या डोळ्यांसमोर नाही, माझ्या माणसासमोर आहे. तीच एक गोष्ट मला तेव्हा हवी होती, आणि ती तिथेच होती, मास्कच्या आत.

पण दुसरंही मला कळलंय, आणि ते सांगितल्याशिवाय हे पत्र संपवणार नाही. मी प्रतीक्षासमोर रडू शकले, कारण रक्त थांबवायचं काम माझं नव्हतं, मीनल होती. त्या दिवशी तुझ्याकडे कोण होतं? तुला एकटीलाच दोन्ही व्हायचं होतं, माझी डॉक्टर आणि माझी आत्या, आणि दोघींपैकी एकीलाच आत नेता येणार होतं. जी मला वाचवेल तिला तू आत घेतलंस आणि आत्याला आईशेजारी बाहेरच्या बाकावर बसवलंस. म्हणून मी जिवंत आहे, सई आहे, आणि आज हे लिहितेय. मी तुझ्याविरुद्ध काही शिकले नाही, आत्या. त्या दिवशी तुला एकटीला जे दोघींचं काम करावं लागलं, त्यातलं निम्मं मी शिकले. तुझ्याजवळ तेव्हा कुणीतरी थांबायला हवं होतं गं.

तुझी,
मंजू